सहलीच्या वाटेवरचं जारवांचं जंगल

बालाघाटाच्या डोंगरातली वाशी असो की मुंबईतलं दादर, मराठी कुटुंब अंदमानला निघतं ते बहुधा सेल्युलर जेलसाठी. १९११ ते १९२१ या काळात सावरकर जिथे कैदेत होते ती कोठडी पाहायची, तिथे डोकं टेकवायचं. सहलीच्या कार्यक्रमात पुढे बाराटांगच्या चुनखडीच्या गुहाही असतात. त्यासाठी पहाटे जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागते, पोलीस बंदोबस्तात ताफा सुटतो आणि पन्नासेक किलोमीटर घनदाट जंगलातून जातो. हे जंगल जारवा या आदिम जमातीच्या लोकांचं आहे. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या होती ३८०.

या बेटांवर बाहेरची माणसं शोधाच्या ओढीने आली आणि त्याची किंमत बेटांवरच्या माणसांनी मोजली. ब्रिटिश अधिकारी मॉरिस पोर्टमन १८८० मध्ये सशस्त्र तुकडी घेऊन नॉर्थ सेंटिनल बेटावर उतरला. एक म्हातारं जोडपं आणि चार मुलं पकडून त्याने पोर्ट ब्लेअरला आणली. सगळी लगेच आजारी पडली. म्हातारा-म्हातारी दगावली आणि मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडण्यात आलं. त्यांच्याबरोबर बेटावर कोणता आजार गेला असेल, याची नोंद कोणाकडेच नाही. बाहेरच्यांशी आलेल्या संबंधाने या लोकांचं नुकसानच झालं, अशी कबुली पुढे पोर्टमननेच दिली. ग्रेट अंदमानी टोळ्यांचं काय झालं ते तर आकड्यांतच दिसतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांची लोकसंख्या पाच हजारांच्या घरात असावी, असा अंदाज आहे. गोवर आणि गरमीसारख्या रोगांनंतर १९६१ मध्ये उरले होते १९ जण.

स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये अंदमानच्या आदिम जमातींच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला. तरी संपर्काची ओढ सुटली नव्हती. भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणाचे त्रिलोकनाथ पंडित १९६७ पासून नारळ आणि लोखंडी भांडी घेऊन सेंटिनलच्या किनाऱ्याला जात राहिले. ४ जानेवारी १९९१ ला मानववंशशास्त्रज्ञ मधुमाला चट्टोपाध्याय यांचा सहभाग असलेल्या पथकाच्या हातून त्या बेटावरच्या सेंटिनली लोकांनी नारळ घेतले. ती भेट कमालीची होती यात शंका नाही, पण तिच्यापेक्षा मोठा निर्णय पुढे झाला. नव्वदच्या दशकातच सरकारने या भेटी थांबवल्या. दुरून लक्ष ठेवायचं, किनाऱ्याला पाय लावायचा नाही, असं ठरलं.

ब्राझीलमध्येही असंच घडलं. सिडनी पोसुएलो यांनी ॲमेझॉनच्या जंगलात शिरून अनोळखी टोळ्यांशी ओळख करून घेण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. ओळख झाली की माणसं रोगाने मरतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. १९८७ मध्ये ब्राझीलने धोरण बदललं आणि संपर्क न करता फक्त त्यांची जमीन राखायचं ठरवलं, त्यामागे पोसुएलो होते. ज्याला आत जायची वाट माहीत होती त्यानेच ती बंद करायला लावली.

जारवांच्या बाबतीत मात्र वाट बंद झाली नाही. सहलीचा ताफा ज्यावरून जातो तो अंदमान ट्रंक रोड त्यांच्या जंगलातून काढला गेला, तेव्हा त्यांनी बाण मारून विरोध केला होता. १९९७ च्या सुमाराला ते स्वतःहून बाहेर येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. याच काळात पुण्याची कल्पवृक्ष, मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि अंदमानची ‘सेन’ या तीन संस्था कोर्टात गेल्या. सुरुवात झाली लिटल अंदमानच्या ओंगे लोकांच्या जंगलातल्या वृक्षतोडीवरून. कल्पवृक्षचे पंकज सेखसरिया वर्षानुवर्षं या बेटांवर फिरत होते, लिहीत होते आणि छायाचित्रं काढत होते. अशी भटकंती न्यायालयाच्या कामी आली, हे मला फार मोलाचं वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने शेखर सिंह आयोग नेमला आणि ७ मे २००२ ला नैसर्गिक जंगलातली तोड थांबवण्याचा, तसंच ट्रंक रोडचे जारवा क्षेत्रातले भाग बंद करण्याचा आदेश दिला.

रस्ता आजही चालू आहे. २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना खाऊचं आमिष दाखवून नाचवल्याची चित्रफीत जगभर गेली. त्यानंतर जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाने पर्यटकांना हंगामी बंदी केली, पण ती काही आठवड्यांतच उठली. पुढे बाराटांगला जाण्यासाठी समुद्रमार्गही सुरू झाला. म्हणजे गुहा पाहायच्याच असतील तर जारवांच्या अंगणातून जाण्याची सक्ती नाही. सहल ठरवताना आपल्या टूरवाल्याला समुद्रमार्गाबद्दल विचारायला काय हरकत आहे? ताफ्याने जावंच लागलं तर कॅमेरा बाहेर काढायचा नाही आणि बिस्किटाचा पुडा फेकायचा नाही. त्यांची छायाचित्रं काढणं हा शिक्षेला पात्र गुन्हा आहे.

दक्षिणेला ग्रेट निकोबारवर आता नवा प्रश्न उभा आहे. गलाथियाच्या उपसागरात बंदर, शिवाय विमानतळ आणि नवं शहर यांसाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वर्षावन वळतं करायचं आहे. २०२२ मध्ये प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात निकोबारी लोकांच्या परिषदेने आधी दिलेली संमती मागे घेतली. त्या जंगलात शोंपेन जमातीचे लोक राहतात. २०११ च्या गणनेत ते २२९ होते. त्यांची भाषा जाणणारी माणसं बाहेर फार थोडी आहेत, मग त्यांची संमती कोणी आणि कशी घ्यायची, याचं उत्तर प्रकल्पाच्या कागदांआधी मिळायला हवं होतं.