अवशिष्ट क्लोरीन : पाण्याच्या खात्यातील शिल्लक

दरवर्षी मृगाच्या सरी कोसळू लागल्या की डहाणू व तलासरी तालुक्यांतील पाड्यांवरून जुलाब-उलट्यांनी गळून गेलेली मुले आपल्या रुग्णालयात येऊ लागतात. उन्हाळ्यात तळ गाठलेल्या विहिरींत पहिल्या पावसाचे गढूळ पाणी शिरते, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. औषधांवरील खर्च जमाखर्चाच्या पानावर दिसतो. तो खर्च ज्यामुळे टळू शकतो, त्या क्लोरीनविषयी आपणांस माहिती द्यावी, या हेतूने हे टिपण सादर करीत आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. त्यामुळे हा विषय मला खतावणीच्या भाषेतच उमगला. पाण्यात घातलेला क्लोरीन ही जमा. गाळ, शेवाळ, पालापाचोळा व जंतू यांवर तो खर्ची पडतो. तासाभराने जो उरतो, तो अवशिष्ट क्लोरीन म्हणजे शिल्लक. विहिरीत ही शिल्लक लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम असावी. भारतीय मानकानुसार नळाच्या टोकाशी ती किमान ०.२ मिलिग्रॅम हवी.

तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असल्यास ते सुमारे २८ हजार लिटर भरते. हजार लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात चांगल्या प्रतीची ७० ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागते. ती बादलीत कालवून, चुना तळाशी बसू देऊन वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे व ढवळावे. पाणी गढूळ असल्यास मात्रा वाढवावी लागते. किती, हे चाचणीच सांगते.

नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकताच येणारा पिवळा रंग रंगपट्टीशी लगेच ताडून पाहावा. उशिरा गडद होणारा रंग कमी प्रभावी, संयुक्त क्लोरीनचाही असतो. चाचणी झालेले पाणी पिऊ नये.

आमची एक चूक येथे नमूद करणे मी कर्तव्य समजतो. एका पावसाळ्यात रुग्णालयाच्या टाकीची नोंदवही तपासली असता प्रत्येक तारखेपुढे ‘योग्य’ एवढाच शेरा आढळला. आकडा एकही नव्हता. समक्ष चाचणी केली, तेव्हा पाणी रंगहीनच राहिले. पावडर रोज घातली जात होती. परंतु पोते पत्र्याच्या कोठीत तोंड उघडे ठेवून पडलेले होते. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. उष्णता, उजेड व दमट हवा यांमुळे तो उडून जातो. थोडा वास येत होता, म्हणून कोणासही शंका आली नाही.

तेव्हापासून पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड व अंधाऱ्या जागी ठेवली जाते आणि वहीत शेऱ्याऐवजी आकडा, वेळ व सही घेतली जाते. रुग्णास भेटावयास आल्यावर आपणही टाकीजवळील फलकावर त्या दिवसाचा आकडा पाहावा आणि तो नसल्यास आम्हास निःसंकोच जाब विचारावा, ही नम्र विनंती.