बिघडलेले यंत्र आणि बिघडवलेले यंत्र

बनशंकरी हे नाव महाराष्ट्रातील कित्येक घराण्यांत कुळाचाराबरोबर उच्चारले जाते. बदामीजवळची ही देवी म्हणजे शाकंभरी, शाकभाजीची अधिष्ठात्री. तिच्याच नावाचे एक देऊळ बंगळूरच्या दक्षिण भागात कनकपुरा रस्त्यावर आहे आणि सभोवारची वसाहतही त्याच नावाने ओळखली जाते. २०१७ साली तेथे मेट्रोचे स्थानक झाले. शहर असे पसरत चालले असले, तरी त्याच रस्त्याने बरेच दक्षिणेस गेले की तुतीचे मळे आणि नारळीच्या बागा लागतात. नोकरीनिमित्त बनशंकरीत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी गृहस्थाने त्या बाजूला वीस-पंचवीस गुंठे जमीन घेतली, तर लवकरच त्याच्यापुढे एक मोह उभा राहतो. कोणाच्या तरी गोठ्यामागे एक जुना पॉवर टिलर पडून असतो. किंमत भंगाराहून थोडीच अधिक असते. आणि मालक सांगतो, "दुरुस्त केलेला आहे, साहेब." आजच्या भाषणात या एका वाक्याचाच विचार करावयाचा आहे.

पॉवर टिलर म्हणजे मागून चालत, दोन मुठी धरून हाकावयाचा लहान ट्रॅक्टर. नांगर माती उलथतो. याची फिरती पाती माती कापून भुसभुशीत करतात. ऑस्ट्रेलियातील आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड याने १९१२ साली अशा फिरत्या पात्यांचे प्रयोग आरंभले आणि १९२२ साली त्यांच्या निर्मितीसाठी कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या लहान लहान भातखाचरांत ही यंत्रे मोठ्या प्रमाणावर पसरली. आपल्याकडे १९६७ साली बंगळूर येथे व्ही. एस. टी. टिलर्स ट्रॅक्टर्स ही कंपनी जपानच्या मित्सुबिशी कंपनीच्या सहकार्याने स्थापन झाली. तेव्हा या परिसरात कित्येक वर्षांचे वापरलेले यंत्र समोर आले, तर त्यात नवल नाही.

असे यंत्र छंद म्हणून घेण्यात काही गैर नाही. एक आडवे सिलिंडर, पट्टे, क्लच, गिअरपेटी आणि पाती, एवढाच त्याचा पसारा. तो डोळ्यांना दिसतो आणि हाताला कळतो. परंतु झिजलेले यंत्र आणि वाईट रीतीने दुरुस्त केलेले यंत्र यांत महदंतर आहे. झीज प्रामाणिक असते. बेअरिंग सैल झाले की ते वाजते, पिस्टनच्या कड्या झिजल्या की निळा धूर येतो. वाईट दुरुस्ती मात्र दोष झाकते आणि बहुधा शेजारच्या चांगल्या भागालाही नासवते. म्हणून ग्राहकाने प्रथम यंत्र पाहू नये. त्यावर झालेली दुरुस्ती पाहावी.

पहिली खूण वेल्डिंगची. गिअरपेटी व इंजिनाचे कवच बहुधा बिडाचे असते. बिडात कार्बनचे प्रमाण साधारणतः शेकडा २ ते ४ असते. त्यावर साध्या पोलादी कांडीने घाईघाईने वेल्डिंग केले की सांध्यालगतचे बीड कठीण व ठिसूळ होते आणि जुन्या तड्याशेजारी नवा तडा जातो. जाणता कारागीर तड्याच्या दोन्ही टोकांना भोके पाडून तो पुढे सरकू देत नाही, भाग तापवून घेतो, निकेलची कांडी वापरतो अथवा पितळेने झाळतो, आणि मग तो भाग राखेत किंवा चुन्यात सावकाश निवू देतो. वेल्डिंगचा फुगीर ओघळ रंगाखाली दडवलेला दिसला, तर त्या भागाची किंमत शून्य धरावी.

दुसरी खूण आट्यांची. आठ मिलिमीटरचा बोल्ट आणि पाच सोळांश इंचाचा बोल्ट यांच्या जाडीत केसाइतकाच फरक आहे. पाच सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. परंतु पहिल्याच्या नेहमीच्या आट्यांतील अंतर १.२५ मिलिमीटर, तर दुसऱ्याच्या जाड आट्यांतील १.४१ मिलिमीटर. एक दुसऱ्याच्या छिद्रात दोन फेरे सहज जातो, मग अडतो. आणि तेथे अधीर मिस्त्री लांब पान्हा लावतो. बोल्ट बसतो, छिद्राचे आटे मात्र कायमचे जातात. एकाच झाकणावर तीन तऱ्हांचे बोल्ट असले, तर आत काय झाले असेल याची कल्पना करावी.

तिसरी परीक्षा इंजिनाची. ते थंड असतानाच पाहावयास मिळाले पाहिजे. आपण पोचण्यापूर्वीच गरम करून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी न कळवता जावे. तेलाची कांडी बाहेर काढावी. तेल दुधाळ असल्यास त्यात पाणी उतरले आहे. गॅस्केटच्या जागी चिकट लेपाचे ओघळ बाहेर आले असतील, तर तसाच लेप आतही सुटून तेलाच्या वाटा बुजवू शकतो.

आतापर्यंत सांगितले ते पैशाचे नुकसान. यापुढचे जिवाचे आहे. टिलरची पाती चालवणाऱ्याच्या पायांपासून हातभर अंतरावर फिरतात. यंत्र मागे घेताना ती थेट पायांकडे येतात. म्हणून पुष्कळ टिलरांत मागचा गिअर घातला असता पाती फिरू नयेत अशी अडसराची योजना असते. गिअरपेटी उघडून पुन्हा बसवताना हा अडसर कोणी वगळला, तरी यंत्र चालते, किंबहुना अधिक सोयीचे वाटते. पात्यांवरचा पत्रा काढून टाकला, तरीही ते चालते. चालते म्हणून बरे आहे, हा समज येथे घातक ठरतो.

मुठींखालच्या क्लचांचेही तसेच. सपाटीवर डावी कळ दाबली की डाव्या चाकाची शक्ती तुटते आणि यंत्र डावीकडे वळते. तीव्र उतारावर मात्र मोकळे झालेले चाक इंजिनाने रोखलेल्या चाकाहून वेगाने धावते आणि यंत्र उजवीकडे वळते. नवशिक्याला हा धर्म ठाऊक नसतो. त्यात क्लच अर्धवट सुटणारा असला, तर बांधावरून खाली जाण्यास क्षण पुरतो.

एवढे जाणूनही यंत्र घ्यावेसे वाटले, तर अवश्य घ्यावे. मात्र किंमत भंगाराच्या भावानेच ठरवावी आणि सुट्या भागांसाठी निराळी रक्कम बाजूला ठेवावी. बंगळूरच्या जे. सी. रस्त्यावर वाहनांच्या सुट्या भागांची मोठी पेठ आहे; बेअरिंग, पट्टे, तेलरोधक कड्या अशा सर्वसामान्य वस्तू क्रमांक सांगून तेथे शोधता येतात. प्रथम अडसर, पत्रे आणि क्लच पूर्ववत करावे, मग इंजिन, रंग सर्वांत शेवटी. प्रत्येक भाग सोडवताना त्याला चिठ्ठी बांधावी आणि आपण काय बदलले ते वहीत टिपून ठेवावे. आपल्यानंतरही कोणीतरी हे यंत्र उघडणार आहे. आपण बसवलेला प्रत्येक बोल्ट त्याला साध्या पान्ह्याने सोडवता यावा, एवढी काळजी घेतली तरी त्या यंत्रावर पुष्कळ उपकार होतील.