वंशवृक्षाची पाने आणि पुराव्याची मुळे

नशिराबादच्या एखाद्या घरातील नातू आज संगणकावर वंशावळ मांडावयास बसतो, तेव्हा पणजोबांच्या जन्माची इंग्रजी अमदानीतील नोंद त्याच्या हाती असते. परंतु ती कोठून मिळाली, हे लिहावयाचे रकाने पाहताच तो अडखळतो.

याचे कारण उघड आहे. ही साधने पाश्चात्त्यांनी आपल्या दप्तरांच्या घडणीवर बेतली. इंग्लंडात चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून, सरकारी जन्ममृत्यू-नोंदणी १८३७ पासून, आणि १८४१ पासूनच्या शिरगणतीचे घरोघरचे कागद बव्हंशी उपलब्ध आहेत. आपल्याकडील शिरगणतीचे आकडे उरले, घरोघरच्या याद्या उरल्या नाहीत. आपले पूर्वज सापडतात ते कोतवाल बुकात, हक्कनोंदीत आणि शाळेच्या दाखला-वहीत. तेही बहुधा मोडीत.

स्थळाचा घोळ याहून मोठा. १८८० च्या गॅझेटियरात नशिराबाद हा खानदेश जिल्ह्याचा तालुका आहे. १९०६ मध्ये जिल्हा दुभंगून पूर्व खानदेश झाला. १९६० नंतर त्याचेच नाव जळगाव. शिवाय याच नावाची लष्करी छावणी अजमेरजवळ आहे आणि बंगालातील मैमनसिंगचेही जुने नाव तेच! बेसावधपणे निवडलेले एक नाव पणजोबांना राजस्थानात नेऊन बसवील. तिथींचेही तसेच. वंशावळींच्या देवाणघेवाणीसाठी १९८४ पासून रूढ झालेल्या ‘गेडकॉम’ या मांडणीत ज्यू आणि फ्रेंच क्रांतीच्या कालगणनेलाही जागा मिळाली. शक आणि फसली यांना मात्र नाही.

ही केवळ हौशी माणसाची कुरकूर नव्हे. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीत अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. एका भावाने मिळविलेली नोंद दुसऱ्याच्या मुलाला पुन्हा सापडू नये, केवळ पानाचा क्रमांक लिहिला नाही म्हणून शिष्यवृत्ती अडावी, याहून खेदाची गोष्ट कोणती?

उपाय अवघड नाही. रकाना जुळत नसेल तर टिपेच्या मोकळ्या जागेत सर्व काही लिहावे: कागद कोणत्या कचेरीत आहे, गाव, वहीचे नाव, वर्ष, पान व अनुक्रमांक, मोडी कोणी वाचली, नक्कल कोणत्या दिवशी घेतली. स्थळ त्या काळी होते तसे लिहून आजचे शेजारी द्यावे. मूळ तिथी तशीच ठेवून तिचे इंग्रजी रूपांतर जोडावे. शाळांनी हे विद्यार्थ्यांना एकदा शिकवावे. नाव स्मरणात ठेवणे ही पूर्वजांविषयीची कृतज्ञता होय. त्या नावाचा ठावठिकाणा लिहून ठेवणे हे पुढच्या पिढीचे देणे आहे.