विश्लेषण : रेडिएशनवर पहारा ठेवणारा ‘आरएसओ’ नेमका कोण? पगार रुग्णालयाचा, मग अहवाल मुंबईला का?

कर्करोगावरील किरणोपचारासाठी येरमाळा परिसरातील रुग्णाला थेट पुणे-मुंबईच गाठावी लागते असे नाही. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल जवळ आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणीही १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. तिच्या कक्षेत बार्शीसोबत आजच्या धाराशिव जिल्ह्यातील परांडा आणि भूम हे तालुके होते. किरणोपचार केंद्रात रुग्णाला डॉक्टर भेटतात, तंत्रज्ञ भेटतात. पण यंत्र सुरू असताना भिंतीपलीकडे किती रेडिएशन पोहोचते हे मोजणारा माणूस सहसा दिसत नाही. तो म्हणजे रेडिऑलॉजिकल सेफ्टी ऑफिसर, अर्थात आरएसओ.

नेमणूक कोण करते?

पगार रुग्णालय देते, मात्र नेमणुकीला मंजुरी लागते ती मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे १९८३ मध्ये स्थापन झालेल्या एईआरबीची. या पदाची कर्तव्ये २००४ च्या नियमांत लिहिलेली आहेत. धोकादायक परिस्थिती दिसली तर आरएसओने मालकाला अहवाल द्यायचा आणि त्याची प्रत नियामकालाही पाठवायची. पदाचा सगळा जीव या एका प्रतीत आहे. ज्याच्याकडून पगार घ्यायचा त्याच्याच त्रुटी कळवायच्या, हे वाटते तितके सोपे नाही.

रोजचे काम काय?

मोजणे, नोंदवणे आणि प्रश्न विचारणे. खोलीच्या भिंती, दार, कंट्रोल रूम अशा ठिकाणी सर्व्हे मीटरने पातळी तपासायची. किरणोत्सर्गी स्रोत असेल तर तो जागेवर आहे ना, हे पाहायचे. स्रोत हरवला किंवा अपघात झाला तर संस्थेने २४ तासांत नियामकाला कळवणे बंधनकारक आहे.

सर्वाधिक डोकेदुखी मात्र छातीवरच्या छोट्या टीएलडी बॅजची. बॅजमधील चकत्या रेडिएशनची ऊर्जा साठवतात. साधारण तीन महिन्यांनी त्या प्रयोगशाळेत तापवल्या की जितकी ऊर्जा साठली असेल तितका प्रकाश बाहेर पडतो आणि त्यावरून डोस कळतो. कर्मचाऱ्यासाठी मर्यादा आहे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कोणत्याही एका वर्षात कमाल ३०. सामान्य नागरिकासाठी वर्षाला १.

पण बॅज खरे तेव्हाच बोलतो, जेव्हा तो अंगावर असतो. ॲप्रनला लावलेला बॅज एक्स-रे खोलीतच टांगून कर्मचारी घरी गेला, तर आकडा फुगतो आणि माणसाला काहीच झालेले नसते. उलट, बॅज ड्रॉवरमध्ये राहिला तर आकडा छान दिसतो. हा दुसरा प्रकार जास्त घातक, कारण छान आकड्याची चौकशी सहसा कुणी करत नाही. चांगला आरएसओ करतो.

पहारा सुटला तर काय होते?

दिल्ली विद्यापीठातील एक गॅमा उपकरण १९८५ पासून वापराविना पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले आणि आतील कोबाल्ट-६० उघडा पडला. अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले, एकाचा मृत्यू झाला. कोबाल्ट-६० ची तीव्रता दर ५.२७ वर्षांनी निम्मी होते. म्हणजे २५ वर्षांत ती चार टक्क्यांच्याही खाली आली होती. तरीही तेवढी पुरेशी ठरली.

गावातल्या एक्स-रे केंद्राचे काय?

एक्स-रे यंत्रात असा स्रोत नसतो. बटण बंद झाले की रेडिएशन संपते, खोलीत किंवा रुग्णाच्या अंगात काही उरत नाही. तरी यंत्राची एईआरबीकडे नोंदणी लागते आणि आरएसओही लागतो. छोट्या केंद्रात ही जबाबदारी अनेकदा पात्र तंत्रज्ञाकडेच असते. त्यामुळे एक्स-रे काढताना दार बंद आहे का, लहान मुलाला धरून उभ्या असलेल्या नातेवाइकाला शिशाचा ॲप्रन दिला का, हे खुशाल विचारा. गर्भवतीने मुलाला धरायला थांबू नये. बाकीच्यांनी बाहेर जावे. अंतर दुप्पट केले की डोस साधारण चौथाई होतो.

आरएसओ व्हायचे असेल तर?

किरणोपचार विभागासाठी सहसा भौतिकशास्त्रात एमएस्सी, त्यानंतर भाभा अणुसंशोधन केंद्राची रेडिऑलॉजिकल फिजिक्समधील पदविका किंवा वैद्यकीय भौतिकशास्त्राची समकक्ष पदवी, पुढे वर्षभराची इंटर्नशिप आणि आरएसओ प्रमाणपत्र परीक्षा. मिळणारी मंजुरी त्या एका संस्थेपुरती असते. नोकरी बदलली की नव्या रुग्णालयाला पुन्हा अर्ज करावा लागतो.