पशुपालक आणि दुष्काळ: उशीर नेमका कोणाचा?

पूर्व आफ्रिकेतील दुष्काळाची चर्चा निघाली, की एक विधान हमखास ऐकू येते: उत्तर केनियातील तुर्काना किंवा दक्षिण इथिओपियातील बोराना पशुपालकांचा गुरांवर इतका जीव असतो आणि त्यांची प्रतिष्ठा कळपाच्या आकाराशी इतकी बांधलेली असते, की डोळ्यांदेखत चारा संपत असतानाही ते वेळेवर जनावर विकत नाहीत. या समजुतीमागे जुन्या विद्वत्तेचे वजन आहे. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ मेलव्हिल हर्स्कोव्हिट्स यांनी 1926 मध्ये पूर्व आफ्रिकेच्या समाजजीवनातील गुरांचे मध्यवर्ती स्थान सविस्तर मांडले. पुढे त्याचा अर्थ ‘गुरांचे वेड’ असा लावला गेला, आणि पूर्वकृतीच्या, म्हणजे जनावरे मरण्याआधी व माणसे उपाशी पडण्याआधी करायच्या उपायांच्या, योजना आजही अनेकदा पशुपालकांच्या ‘प्रबोधना’पासून सुरू होतात.

या वेडाऐवजी संशोधकांना प्रत्यक्षात हिशेब आढळला. लिबर्ट, बॅरेट, देस्ता आणि कॉपॉक या अभ्यासकांनी बोराना कुटुंबांच्या कळपांचा 17 वर्षांचा तपशील तपासून 2004 मध्ये दाखवले, की साधारण 15 गुरांच्या आसपास एक उंबरठा असतो; त्यापेक्षा मोठा कळप दुष्काळानंतर पुन्हा वाढू शकतो, तर त्याखाली गेलेले कुटुंब फिरते पशुपालन टिकवू शकत नाही आणि एका जागी बसून हळूहळू जवळजवळ सारे गमावते. त्या प्रदेशात कालवडीचे पहिले वेत व्हायला साधारण चार वर्षे लागतात. अशा स्थितीत केवळ पावसाच्या भाकितावर दुभती किंवा गाभण गाय विकणे म्हणजे पाऊस पडला तरी चालू राहणारे नुकसान आपल्या हाताने करून घेणे होय. भाकड गाई, बैल, शेळ्या ही कुटुंबे धान्यासाठी एरवीही विकतात. जे विकले जात नाही, ते कळपाचे प्रजोत्पादक मूळ असते. हाच विचार एखाद्या उद्योजकाने केला असता, तर त्याला भांडवलाचे रक्षण म्हटले गेले असते.

त्यात बाजाराची भर पडते. दुष्काळात सर्वांनाच विकायचे असते, त्यामुळे जनावरांचे भाव कोसळतात आणि त्याच वेळी धान्य महागते. गुरे आणि धान्य यांच्यातील या विनिमयदराची घसरण पशुपालकांच्या उपासमारीचे एक मुख्य कारण ठरते, हे अमर्त्य सेन यांनी 1972–74 च्या इथिओपियातील दुष्काळाच्या आधारे 1981 मध्येच मांडले होते. व्यापारी पोहोचत नसेल, तर विकण्याची इच्छा कितीही असली तरी काय उपयोग? याची जणू परीक्षाच 2006 मध्ये दक्षिण इथिओपियातील मोयाले येथे झाली. एका मदतसंस्थेने खासगी व्यापाऱ्यांना तेथे आणले, त्यांना कर्जाची सोय करून दिली, आणि ‘न विकणाऱ्या’ पशुपालकांनी सुमारे 20,000 गुरे दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार हा पैसा माणसांच्या अन्नावर, उरलेल्या कळपाच्या निगेवर, नातेवाइकांच्या मदतीवर आणि कर्जफेडीवर गेला, आणि खर्चाच्या तुलनेत लाभाचे प्रमाण 41 पट निघाले. एका प्रकल्पाचा हा आकडा सर्वत्र लागू करू नये. परंतु निदान तेथे विक्री अडली होती ती मनोवृत्तीमुळे नव्हे, एवढे त्यावरून दिसते.

दुसरा गैरसमज असा, की उणीव पूर्वसूचनेची आहे. 2010 च्या ऑगस्टपासून येऊ घातलेल्या संकटाचे इशारे दिले जात होते. सोमालियातील दोन भागांत दुर्भिक्ष अधिकृतपणे जाहीर झाले ते 20 जुलै 2011 रोजी, आणि मोठ्या प्रमाणावर निधी त्यानंतर वाहू लागला. त्या संकटात दक्षिण व मध्य सोमालियात सुमारे 2,60,000 माणसे दगावली, त्यांतील निम्मी पाच वर्षांखालील मुले होती. युद्ध आणि मदतीवरील निर्बंध यांचा त्यात मोठा वाटा होता, हे खरे. तरीही जवळपास वर्षभर आधी मिळालेल्या माहितीवर देणगीदार आणि सरकारे हलली नाहीत, हे त्याने झाकले जात नाही. उलट पशुपालक कळप विभागतात, तरुणांना दूरच्या चराईकडे धाडतात, जनावरे आप्तांकडे ठेवायला देतात. त्यांची कृती मदतयंत्रणेच्या पहिल्या बैठकीआधीच सुरू झालेली असते.

किरकोळ समजुतींचा समाचार थोडक्यात घेता येतो. सामाईक कुरण उजाड होणारच, हे गॅरेट हार्डिन यांचे 1968 मधील प्रतिपादन एका काल्पनिक कुरणावर बेतलेले होते. तुर्कानातील प्रत्यक्ष अभ्यासावरून एलिस आणि स्विफ्ट यांनी 1988 मध्ये दाखवले, की तेथील वनस्पतींची स्थिती कळपांच्या संख्येपेक्षा पावसाच्या चढउतारांवर अधिक ठरते. भटकणे हे मागासलेपण नसून तुरळक पावसाच्या मागे जाण्याची रीत आहे. धनगरांच्या वाड्यांना रानाचे शत्रू ठरवणाऱ्या महाराष्ट्रातील वाचकांनीही हे ध्यानात घेण्यास हरकत नाही. विमा हा रामबाण उपायही नव्हे: केनियातील मार्साबित येथे 2010 मध्ये सुरू झालेला पशुविमा उपग्रहाने टिपलेल्या हिरवळीच्या निर्देशांकावर भरपाई देतो, प्रत्येक जनावराची तपासणी करत नाही, त्यामुळे तो स्वस्त आणि वेगवान ठरतो, पण एखाद्याची गुरे मेली आणि निर्देशांक हलला नाही, तर त्याच्या पदरी काहीच पडत नाही.

2020 च्या अखेरीपासून 2022 पर्यंत पूर्व आफ्रिकेत सलग पाच पावसाळे कोरडे गेले, एकट्या केनियात 20 लाखांहून अधिक जनावरे मेली, आणि त्याही वेळी इशारे आधी आले होते, पैसा नंतर आला.