एक औषध, अनेक विषाणू

बहुतेक विषाणूरोधक औषधे एकाच विषाणूपुरती असतात. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या बर्ड फ्लूने दगावल्या; असा विषाणू माणसांत पसरला, तर लस येईपर्यंत अनेक विषाणूंवर चालणारे औषधच आधार देईल.

ते शोधताना ९६ खळग्यांच्या ताटलीत माकडाच्या मूत्रपिंडातून मिळवलेल्या व्हेरो पेशी वाढवतात आणि त्यांत विषाणू व वेगवेगळ्या मात्रेत संयुग घालतात. संयुग निकामी असेल तर पेशी गोल होऊन तळापासून सुटतात. काही खळग्यांत विषाणूविना नुसते संयुग असते. ही तपासणी सर्वांत मोलाची, कारण पेशीच मारणारे रसायन काय कामाचे?

जपानमध्ये इन्फ्लुएन्झावर फॅविपिराविर अशाच चाळणीतून सापडले. विषाणूच्या आरएनएची प्रत काढणारे एन्झाइम ते रोखते, म्हणून प्रयोगशाळेत इतर आरएनए विषाणूंवरही चालते. ताटलीत यशस्वी ठरलेली बहुतेक संयुगे मात्र पुढच्या चाचण्यांत गळतात.