शिरस्त्राणाच्या आतले शिरस्त्राण

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकाचे ‘एम-१’ शिरस्त्राण १९४१ मध्ये स्वीकारले गेले. त्याचे दोन भाग होते : बाहेर मँगनीजयुक्त पोलादाचे कवच आणि आत, डोक्यावर बसणाऱ्या पट्ट्यांसह, हलके लायनर. पट्ट्यांची ही रचना जॉन रिडेल यांच्या फुटबॉल शिरस्त्राणावरून घेतलेली होती. छावणीत वा संचलनात सैनिक पुष्कळदा नुसते लायनरच घालीत. पोलादी भाग तेव्हा पाणी भरण्याच्या नाहीतर तोंड धुण्याच्या कामी येई. युद्धकाळात अशी पोलादी कवचे दोन कोटींहून अधिक तयार झाली. संग्राहकाची खरी परीक्षा मात्र होते ती लायनरपाशी.

आरंभीची लायनर ‘हॉली’ कंपनीची. दाबलेल्या कागदी तंतूंचा साचा आणि त्यावर सुती कापड, अशी त्यांची घडण. ओलाव्याने ती मऊ पडत व आकार सोडत. म्हणून १९४२ नंतर त्यांची जागा राळ मुरवून साच्यात दाबलेल्या जाड सुती कापडाच्या लायनरनी घेतली. टिकली नाहीत म्हणून दुर्मिळ आणि दुर्मिळ म्हणून महाग, असा हा उफराटा न्याय आहे.

नंतरच्या लायनरच्या आत, माथ्याच्या भागी, निर्मात्याची खूण उमटवलेली असते : वेस्टिंगहाउस, फायरस्टोन, इनलँड, सीमन पेपर इत्यादी. परंतु खूण पाहून लगेच पैसे मोजणे घाईचे ठरेल. युद्धकालीन लायनरच्या दर्शनी बाजूस पदचिन्हासाठी एक छिद्र असे. पुढे ते वगळण्यात आले. छिद्राची कड ताजी, पांढुरकी दिसली तर ते मागाहून पाडले असण्याचा संभव असतो. पट्ट्याही पाहाव्यात. युद्धकाळातील पट्ट्या माशाच्या काट्यासारख्या विणीच्या सुती फितीच्या. आधी फिकट खाकी, अखेरीस गडद हिरव्या. युद्धानंतर अनेक लायनर दुरुस्त करून पुन्हा वापरात आणली गेली. त्यामुळे कवच एका काळचे व पट्ट्या दुसऱ्या काळच्या, असे घडते. त्यात लबाडी असतेच असे नाही. किंमत मात्र त्या मानाने कमी धरावी.

जुना रंग खरवडून नवा देण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, झिजलेला मूळ रंग हाच वस्तूच्या वयाचा पुरावा असतो. पट्ट्या धुऊ नयेत. खरेदीची पावती आणि आतल्या खुणेचे छायाचित्र एकत्र जपून ठेवावे. विक्रीच्या वा विम्याच्या वेळी त्यांचीच विचारणा होते.